जंगलात, अजून कुठं?

इनेश पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला आली आणि सुपाकडे बोट दाखवून म्हणाली, "हा सूप छान. मी प्रेम करते बीट." झालं. सासूबाईंनी चमचा खाली ठेवला आणि टाळी वाजवली. "अगं बाई, किती गोड बोलते ही. व्होयतेक, इतकं छान पोलिश कुठं शिकली रे ही?"

इतकं छान पोलिश म्हणे. चार शब्द, त्यातले दोन चुकलेले. व्होयतेक, म्हणजे माझा धाकटा दीर, असा फुलून बसला होता की जणू यानंच तिला शाळेत घातली होती. ती पोर्तुगालची, तो तिकडं कामाला गेला होता, तिथं जमलं. वसंतात लग्न करायचं चाललंय, तोवर दोघं आमच्याकडंच राहतात. पोरगी वाईट नाही. हसरी आहे, हात मदतीला पुढं असतो. तेच तर. वाईट असती तर मला एवढा त्रास झाला नसता.

मी या घरची थोरली सून. इचलकरंजीहून नवऱ्याबरोबर, लेशेकबरोबर, इथं तुखोलाच्या जंगलाकाठी येऊन मला चौदा वर्षं झाली. या भाषेत मी बाळंत झाले, पोस्टातल्या बाईशी भांडले, सासरे गेले तेव्हा पाद्रीबाबांशी सगळं बोलणं मीच केलं, कारण दोघं भाऊ भिंतीकडं तोंड करून उभे होते. पहिल्या वर्षी मीही 'मी प्रेम करते बीट' असंच बोलायचे. तेव्हा पावाच्या दुकानातली बाईसुद्धा काउंटरमागून बाहेर येऊन माझं कौतुक करायची. बोलणं जसजसं सुधारत गेलं तसतसं कौतुक आटत गेलं. आता मी बोलले तर कुणी मान वर करून बघतही नाही. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात ते काय उगाच.

आणि नाव. माया आली की पोलिश माणूस नावाला शेपूट लावतो. इनेशची दोन दिवसांत 'इनेसेच्का' झाली. मी आले त्या दिवशी अलका होते, आजही अलकाच आहे. नव्याचे नऊ दिवस असतात, मी मनाला समजावलं. पण नऊ दिवस होऊन गेले, महिना गेला, तरी टाळ्या चालूच.

हेही गिळलं असतं. पण मग अळंब्यांची जागा मधे आली.

सप्टेंबर लागला, दोन पाऊस झाले, की आमचं गाव पहाटे उठून जंगलात जातं. डॉक्टर, शिक्षक, पाद्रीबाबा, सगळे. हातात वेताची टोपली, खिशात वाकडी सुरी. कुणी कुणाला विचारत नाही कुठं चाललात, आणि विचारलंच तर खरं कुणी सांगत नाही. आमच्या सासूबाई, गेनोवेफाबाई, यांची एक जागा आहे. तिथं बोरोविक उगवतात, जाड पांढऱ्या देठाचे, भाजलेल्या पावाच्या रंगाची टोपी असलेले. बाजारात असे दिसले की बायका किंमत न विचारता पिशवी पुढं करतात. सासूबाई ते कापून, दोऱ्यात ओवून चुलीवर वाळवतात, आणि नाताळच्या आदल्या संध्याकाळी त्याचं सूप होतं. ते सूप प्यायला व्होयतेक कुठूनही घरी येतो. सासऱ्यांचा जीव त्या सुपात होता.

पहिल्या वर्षी मी भर जेवणात विचारलं होतं, "आई, तुमची ती जागा नक्की कुठं आहे?" समोर शेजारच्या हालिनाबाई बसलेल्या. सगळ्यांचे चमचे थांबले. सासूबाई म्हणाल्या, "जंगलात, अजून कुठं?" हालिनाबाई गालात हसल्या. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते मी केलं होतं. नंतर लेशेकनं सांगितलं, "तू कुणाला पगार विचारलेला चालेल इथं एक वेळ, हे नाही चालत. मलाही माहीत नाही ती जागा. बाबांनाही नव्हती. आजीची होती, आजीकडून आईकडं आली."

आजी म्हणजे सासूबाईंची सासू. म्हणजे जागा सासूकडून सुनेकडं येते, एवढं मी तेव्हाच मनात टिपून ठेवलं आणि वाट बघत बसले. दर वर्षी सासूबाई टोपलीवर नेच्याची पानं घालून यायच्या आणि मला म्हणायच्या, "काही नाही गं यंदा. पाऊसच कुठं झाला." हालिनाबाईंनाही कुंपणावरून अगदी हेच सांगायच्या. आणि मी स्वयंपाकघरात गेले की बोरोविकांचा ढीग.

यंदा सासूबाईंचे गुडघे पार गेले. नोव्हेंबरात ऑपरेशन ठरलं. एका रविवारी चहा पिता पिता त्याच म्हणाल्या, "हे शेवटचं वर्ष. पुढच्या वर्षी काही माझ्यानं जंगलात जायचं व्हायचं नाही. जागा आता पुढं गेली पाहिजे."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग इनेशकडं पाहिलं, मग चहात साखर घातली.

शनिवारी सकाळी मी खाली आले तर दारात इनेश गमबूट घालून उभी. हातात टोपली, डोक्याला सासूबाईंचा जुना रुमाल. "अलका, मी जातो जंगल," ती म्हणाली. "आई मला दाखवतो अळंबी." चेहरा असा उजळलेला की मला तो पुसून टाकावासा वाटला.

"कुठं नेताय तिला?" मी सासूबाईंना विचारलं.

"जंगलात, अजून कुठं?" त्या काठी घेत म्हणाल्या. "तू कशाला उठलीस? झोप की, सुट्टी आहे."

झोप म्हणे. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. चौदा वर्षं मी या बाईच्या पायाला तेल चोळलं, डॉक्टरांकडं नेलं, तिच्या बहिणींची कागाळी ऐकली. आणि काल आलेली ही आयत्या बिळावर नागोबा होणार. लेशेकला हलवून उठवलं तर तो उशीत तोंड खुपसून म्हणाला, "जाऊ दे ना. अळंब्याच तर आहेत."

"अळंब्या नाहीत त्या," मी म्हणाले. "तुला नाही कळणार. झोप."

मी जाकीट अडकवलं, टोपली घेतली आणि त्यांच्या मागं निघाले. माग काढत. माझ्या वयाची बाई झाडांआडून सासूचा माग काढते, हे आमच्या इचलकरंजीत कळलं असतं तर लोकांनी दारात उभं केलं नसतं. पण मत्सर माणसाला काय करायला लावेल याचा नेम नाही. लाज वाटत होती, आणि पाय थांबत नव्हते.

त्या फार लांब गेल्याच नाहीत. बसथांब्यामागं पाइनची झाडं सुरू होतात, तिथंच वळल्या. मी एका खोडामागं थांबले. पुढं इनेश आनंदानं ओरडली, "इथं. इथं पण. आई, बघतो!" तिच्या पायापाशी गवतात चिकट तपकिरी टोप्यांच्या अळंब्या पसरल्या होत्या, त्या कुणालाही सापडतात त्या. सासूबाई म्हणाल्या, "शाब्बास, इनेसेच्का. तुझी नजर चांगली आहे हो."

ते वाक्य ऐकलं आणि मला आठवलं. हीच जागा. पहिल्या वर्षी सासूबाईंनी मलाही इथंच आणलं होतं आणि हेच म्हटलं होतं, तुझी नजर चांगली आहे हो. महिनाभर मी फोनवर आईला सांगत होते की सासूनं मला तिची गुप्त जागा दाखवली. पुढच्या वर्षी आले तर इथं वॉर्सातून आलेली पाहुणेमंडळी चिप्स खात बसली होती.

मला हसू यायला हवं होतं. पण आला तो रागच. म्हणजे हिलाही नाही, मलाही नाही. मग जागा कुणाला? ही बाई ऑपरेशनच्या टेबलावर बरोबर घेऊन जाणार की काय?

तेवढ्यात सासूबाई इनेशला म्हणाल्या, "तू इथंच वेच. थांब्याच्या नजरेबाहेर जाऊ नकोस. मी जरा पाय मोकळे करून येते." आणि काठी टेकत त्या आत निघाल्या. गुडघे धरलेली बाई पाय मोकळे करायला जंगलात शिरते होय? मी मागं.

त्या सावकाश चालत होत्या. दर थोड्या वेळानं थांबायच्या, दम खायच्या, पण मागं वळून बघितलं नाही त्यांनी. ओढा आला, तो ओलांडला. जुन्या लाकूडतोडीच्या वाटेवरून आत, मग वाटही सोडली. एकदा माझ्या पायाखाली काटकी मोडली आणि मी श्वास धरून उभी राहिले. त्या पुढं चालत राहिल्या.

पाइनच्या दाटीत मधेच एक म्हातारा ओक होता. त्याच्या बुडाशी त्या अवघडून खाली बसल्या. सुरी काढली. एक बोरोविक कापला, मग दुसरा. प्रत्येक वेळी जमिनीत राहिलेल्या बुंध्यावर शेवाळाचा तुकडा ठेवून तळहातानं दाबत होत्या, लेकराला थोपटावं तसं. मोजके काढले, बाकीचे तसेच राहू दिले. मग उठताना त्यांना ओकाच्या खोडाचा आधार घ्यावा लागला, आणि मला धावत जाऊन हात द्यावासा वाटला. नाही दिला. ओठ दाबून झाडामागं उभी राहिले.

त्या दिसेनाशा झाल्या तशी मी ओकापाशी गेले. काय सांगू तुम्हाला. जिथं हात लावावा तिथं बोरोविक. मी गुडघ्यावर बसून कापत गेले आणि कापता कापता रडत गेले. आनंदानं नाही हो. न विचारता घ्यावं लागलं म्हणून. इनेशला टाळ्या, आणि मला चोरासारखं घ्यायचं. तरी हात थांबले नाहीत. प्रत्येक बुंध्यावर मी शेवाळ ठेवलं आणि तळहातानं दाबलं. टोपली भरली तशी वर नेच्याची पानं घातली.

घरी पोचले तर हालिनाबाई कुंपणावर. "काय गं अलका, मिळाल्या का?"

"काही नाही हो," माझ्या तोंडून आपसूक गेलं. "पाऊसच कुठं झाला."

हालिनाबाईंनी माझ्या टोपलीकडं पाहिलं, पानांकडं पाहिलं. "हो ना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडंही काहीच नाही." त्यांच्या मागं पायरीवर त्यांची टोपली होती, वर टॉवेल टाकलेला.

स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच होत्या, मोरीपाशी उभ्या राहून अळंब्यांची माती खरवडत. इनेश वर आंघोळीला गेली होती. मी टोपली टेबलावर ठेवली आणि पानं बाजूला केली. म्हटलं, व्हायचा तो तमाशा एकदाच होऊ दे.

त्यांनी एक बोरोविक उचलला, उलटा करून देठ बघितला, नाकाशी नेला.

"कुठून आणलेस?"

"जंगलातून," मी म्हणाले. "अजून कुठून?"

त्यांनी बोरोविक टोपलीत परत ठेवला. मग त्यांनी सुरी पुसली आणि म्हणाल्या, "शेवाळ ठेवलंस?"

"ठेवलं."

"दाबलंस?"

"दाबलं."

"मग ठीक." त्या पुन्हा माती खरवडायला लागल्या. थोड्या वेळानं पाठ न वळवता म्हणाल्या, "लाल जाकीट घालून कुणी माग काढतं का गं? ओढ्यापासून दिसत होतीस. आणि चालतेस केवढ्यानं. मला तर वाटलं रानडुक्कर आलंय."

मी खुर्चीवर बसले. "तुम्हाला माहीत होतं, तर मग दाखवली का नाही सरळ? चौदा वर्षं मी..."

"दाखवायची नसते ती," त्या म्हणाल्या. "दाखवली की सगळ्यांची होते. माझ्या सासूनं कुठं दाखवली होती मला? तीन हंगाम मी तिच्या मागं फिरले. ती मेली पळायची. मी निदान सावकाश चालले. तुला चौदा वर्षं लागली तो माझा दोष नाही. मला वाटलं होतं तू त्याच वर्षी येशील मागं. तू आपली विचारत बसलीस."

सगळी वर्षं मी शहाण्या सुनेसारखी दाराशी बसले होते, आणि इथं दार उघडत नसतं, मागून शिरायचं असतं. हे कुणी मला सांगितलं नव्हतं, कारण परक्या बाईलाच असलं काही सांगावं लागतं, घरच्या सुनेला नाही.

जेवायला दोन्ही अळंब्या, वेगवेगळ्या, लोण्यात, कांद्याबरोबर परतून, वर दाट साय. इनेशनं दोन्हींचा एकेक घास खाल्ला आणि थांबली. आपल्या वेचलेल्या चिकट अळंब्या आणि या अळंब्या यातला फरक तिच्या जिभेला कळला होता. ती माझ्या टोपलीकडं बघायला लागली, मग दाराशी वाळत घातलेल्या माझ्या चिखलाच्या बुटांकडं.

"अलका," ती म्हणाली, "हे कुठं मिळतो?"

लेशेकचा आणि व्होयतेकचा चमचा थांबला. सासूबाई ताटात बघत होत्या.

"जंगलात, अजून कुठं?" मी म्हणाले.

सगळे हसले, इनेश सोडून. तिच्या डोळ्यांत मला ते दिसलं जे माझ्या डोळ्यांत चौदा वर्षं होतं. खोटं कशाला बोलू, मला इतकं बरं वाटलं की मी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

"पुढचा वर्ष मला नेतो?" तिनं हळूच विचारलं.

"नेईन की," मी म्हणाले. "बसथांब्यामागं जाऊ. तुझी नजर चांगली आहे हो."

ती माझ्या तोंडाकडं बघत राहिली. खुंटीवर माझ्या लाल जाकिटाशेजारी तिचं जाकीट टांगलेलं होतं. पिवळंधमक आहे. लांबूनसुद्धा दिसेल.