गळा आणि बोटं

आईने लेकीचा डावा हात स्वयंपाकघराच्या खिडकीच्या उजेडात ओढला आणि बोटांची टोके अंगठ्याने दाबून पाहिली. चारही टोकांना घट्टे पडले होते. भांडी घासून असे घट्टे पडत नाहीत.

"कुठलं वाद्य?" आईने विचारले. गळ्यावरच्या शस्त्रक्रियेपासून तिचा आवाज खरखरीत झाला होता. त्याआधी ती मोठ्या गायकवृंदात पहिल्या रांगेत उभी राहायची.

"चेलो," लेक म्हणाली.

मग सगळेच बाहेर पडले. सकाळी घरी गळ्याचा रियाज आटोपला की ती वाचनालयाचे नाव सांगून निघायची आणि मागच्या गल्लीतल्या एका निवृत्त वादकाकडे जायची. म्हातारा चेलोच्या जाड तारांवर गज फिरवून एक स्वर लांबवायचा. ती तो आधी गळ्यातून काढायची, मग तारेवर शोधायची. गळा थकला की बोटे, बोटे दुखली की गळा. हल्ली तुझा सूर नेमका लागतो, माझ्या पट्टीच्या माराचं चीज झालं, असे आईच परवा म्हणाली होती. आता लेकीने तेही सांगून टाकले, की सूर पट्टीच्या माराने नाही, चेलोने लावला.

"दोन दगडांवर पाय ठेवतेस?" आई म्हणाली. "गायकवृंदाची निवड तोंडावर आली असताना?"

तिने मनगट सोडलेच नव्हते. शेगडीवर तवा तापला होता. तिने ती चार बोटे तव्यावर टेकवली आणि वरून अंगाचा भार दिला.

कातडी चरचरली. लेकीने मोकळ्या हाताने आईच्या तोंडावर मारले, केस धरून तिचे डोके मागे खेचले. दोघी ओट्यावर आदळून खाली पडल्या. आईचा ओठ फुटला. तिने रक्त बाहीने पुसले, मलम शोधून आणले, लेकीच्या बोटांना फडके गुंडाळले आणि पियानोपुढे जाऊन बसली.

"गळ्याला काही झालेलं नाही," ती म्हणाली. "ये, गा."

तिने स्वर दिला. लेकीने पोटभर श्वास घेतला आणि ती किंचाळली. आईने पट्टी उगारली, पाठीवर, खांद्यांवर ओढली. तोंड दाबायला गेली तेव्हा लेक तिच्या तळहाताला कडाडून चावली. मग आतल्या खोलीत जाऊन तिने कडी लावली आणि किंचाळतच राहिली. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. बाहेर आई दारावर हात आपटून विनवत होती, नको गाऊस, कधीच नको गाऊस, पण हे थांबव. लेक थांबली नाही. शेवटी आतून नुसती हवा येऊ लागली, तेव्हा आई दाराशीच खाली बसली.

बोलण्यापुरता आवाज परत येईल, गाण्याचे विसरा, असे डॉक्टरांनी सांगितले. नात्यात कुणाला काही कळवले नाही. निवडीचा दिवस आला तसा गेला. बोटांवर हळूहळू नवी, गुलाबी कातडी धरली. ती बघायला म्हातारा एकदा स्वतः जिना चढून आला, धापा टाकत आपला चेलो कोपऱ्यात उभा केला आणि निघून गेला.

एका दुपारी मावशीचा फोन आला. लेकीने तो उचलून आपल्या नव्या, खरखरीत आवाजात "बोला" म्हटले.

"ताई, आज आवाज बराच मोकळा वाटतोय गं तुझा," मावशी म्हणाली. "पोर कुठाय? दे जरा."

टेबलापलीकडे आईने ते ऐकले. शेंगा सोलणारे तिचे हात थांबले.

"ती रियाजाला बसलीय," लेक म्हणाली.

फोन तिने आईसमोर ठेवला, खुर्ची ओढली आणि चेलो गुडघ्यांत धरला. पहिली तार दाबताना तिचे डोळे मिटले गेले, तरी बोट तिने उचलले नाही. फोनमधून मावशी ताई, ताई करत राहिली. आईने त्याला हात लावला नाही.