नवमीचा नारळ आणि दुसरी डिस्क

माझा संशय अनिलकुमारवरच व्हता, आणि उगीच नव्हता. हुलसूरच्या आमच्या मेंढपाळ संघात कंप्युटर बघणारे आम्ही दोघंच, कपाटाच्या चाव्याबी दोघांकडंच. शनिवारी मी बॅकअपच्या डिस्कची वायर गुंडाळून ठिवायची, अन् सोमवारी बघावं तर उलटी गुंडाळलेली. वायर काय आपोआप फिरते व्हय?

त्या डिस्कपायी मी किती भांडले व्हते. संघाचा सर्व्हर एकच, पण त्याच्या पोटात दोन व्हर्च्युअल मशीन, म्हणजे डबा एक अन् कंप्युटर दोन. एकात हापिसाचा कारभार, दुसऱ्यात प्रत्येक मेंढराच्या कानातला बिल्ला अन् लसीची नोंद. सर्व्हर विकणारा बीदरचा किरणकुमार म्हणायचा, स्नॅपशॉट, म्हणजे मशीनची त्या घडीची नक्कल, घेत चला, बटन दाबलं की झालं. मी म्हणले, तो राहतो कुठं? त्याच सर्व्हरात. मग सर्व्हर गेला तर काय चाटायचं? शेवटी सेक्रेटरी भगवानरावांनी, म्हणजे आमच्या अण्णांनी, माझं ऐकलं आणि अख्खं मशीन वेगळ्या डिस्कवर उतरवायचं ठरलं. तवा अनिलकुमार म्हणला, डिस्क दुसऱ्या गावी ठिवू. तिथंच माझ्या मनात पाल चुकचुकली. कुणाकडं किती मेंढरं हायत, हे व्यापाऱ्यांना पाहिजेच असतंय. डिस्क बाहेर नेणाऱ्याची नोकरी जाईल, असा नियमच मी अण्णांकडून करून घेतला.

आता वायर उलटी दिसल्यावर मी त्याला रंगेहात धरायच्या बेतात व्हते. तेवढ्यात खंडेनवमी आली.

अण्णांनी वजनकाट्यापासून लोकर कातरायच्या कात्रीपर्यंत सगळ्यांना कुंकू लावलं. डिस्कबी हत्यारच, म्हणून ती कपाटातून काढून सर्व्हरवर मांडली, वर झेंडू वाहिला. अन् नारळ? तो सर्व्हरच्या लोखंडी कडेवरच आपटला. पाणी डिस्कवर सांडलं, जाळीतून आत गेलं. मी आडवी येईपर्यंत अण्णांनी पूजेपायी बंद ठिवलेल्या सर्व्हरचं बटन हौसेनं दाबलं. आत चर्र झालं अन् जळका वास सुटला.

दारात संघाची सभासद बाणूबाई उभी व्हती. तिला मेंढरं घेऊन तेलंगणात चरायला निघायचं व्हतं, आणि वाटंवरच्या तपासणीत संघाचा लसीचा दाखला लागतो. दाखला न्हाई तर कळप परत. इथं तर चारा संपलेला.

डिस्क पुसून लावली, तीबी मुकी. अनिलकुमारच्या मात्र कपाळावर आठी न्हाई. गाडीला किक मारून गेला गडी. पळाला, असं मी अण्णांना सांगूनबी टाकलं.

तासाभरानं तो टॉवेलात गुंडाळलेली दुसरी डिस्क घेऊन आला. अण्णांच्या कंप्युटरला जोडली. तिच्यावर उतरवलेलं मशीन जागं झालं आणि बाणूबाईच्या मेंढरांचे बिल्ले एकाखाली एक पडद्यावर आले. मला रडू फुटायचंच राहिलं.

मी हळूच म्हणले, "तू डिस्क चोरून घरी नेत व्हतास."

"व्हय अक्का. नक्कल काढून, घरी चालू करून बघायचो. आमचा अप्पा सगळी मेंढरं एका कळपात ठिवत न्हाई. थोडी मामाच्या कळपात असत्यात. इथं रोग पडला तर तिथली राहत्यात."

बाणूबाई दाखला घेऊन गेली. मग अण्णा आत आले. त्यांना नियम आठवला व्हता.

"डिस्क बाहेर कुणाच्या सांगण्यानं गेली?"

अनिलकुमारच्या घरात हा एकच पगार येतो, हे मला ठावं व्हतं.

"माझ्या," मी म्हणले.

अण्णा बराच वेळ माझ्याकडं बघत राहिले. मग त्यांनी कपाटाची माझी चावी मागून घेतली. ती नजर मी वळखते, सोमवारी वायर बघून मी अनिलकुमारकडं तशीच बघायची.