चिकटपट्टीचे चार तुकडे

तुरीच्या डाळीएवढा तो तुकडा बोटाखाली लागला तेव्हा साबेराला जरा धीर आला — खरखरीत, कापडी, ड्रेसिंगच्या खोलीतून मागून आणलेल्या पांढऱ्या चिकटपट्टीचा तुकडा, नव्या संगणकाच्या काचेच्या वरच्या डाव्या कोपऱ्याजवळ. हा पहिला, म्हणजे हृदय. त्याच्या उजवीकडे दुसरा, हाडं. मग तिसरा, डोळे. खालच्या ओळीत एकच, बाळंतपण. उरलेली चार चित्रं अंदाजाने शोधायची. सकाळी आठ वाजता, रुग्णालयातली नोंदणीची खिडकी उघडायच्या आधी येऊन, काचेला नाक टेकवून, मान वाकडी करून, एकेक चित्र डोळ्याच्या कडेने हुडकत तिने हे तुकडे चिकटवले होते... चोरी करत असल्यासारखे, दाराकडे कान ठेवून.

डोळ्याच्या कडेने, कारण मधोमध काही उरलेलं नव्हतं. समोर पाहिलं की जे पाहायचं नेमकं तेच नाहीसं व्हायचं. कडेचा पंखा दिसतो, कडेची भिंत दिसते, शेजारच्या खिडकीवर बसणाऱ्या जयाची हिरवी ओढणी दिसते, आणि माणसाच्या चेहऱ्याच्या जागी पावसात भिजलेल्या कागदावरच्या शाईसारखा डाग. वर्ष झालं. लातूरला नर्सिंग शिकणारी जिक्रा रोज संध्याकाळी फोनवर चेहरा दाखवते आणि विचारते, अम्मी, केस कापले, कसे दिसतात? — छान दिसतात म्हणते मी. माझ्याच लेकीचे केस. डोळ्यांचा विभाग या खिडकीपासून हाकेच्या अंतरावर आहे, पण तिथे कळलं म्हणजे सगळीकडे कळलं, आणि न दिसणाऱ्या बाईला नोंदणीच्या खिडकीवर कोण बसवून ठेवेल? सव्वीस वर्षांची ही खिडकी. ती गेली तर मग साबेरा म्हणजे नेमकं कोण, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

आणि शनिवारपर्यंत कोणाला काही कळलंही नव्हतं! कारण जुन्या संगणकाचा तो काळा पडदा, त्यावरची हिरवी अक्षरं, तिला पाहावीच लागत नसत. नाव, टॅब, वय, टॅब, गाव, टॅब, विभागाचा आकडा — हृदय एक, हाडं दोन — आणि एंटर. आवाज ऐकायचा, बोटं चालवायची. उदगीरच्या टायपिंगच्या क्लासमध्ये सर कळांवर पुठ्ठ्याचं झाकण ठेवायचे. कुणी वाकून पाहिलं की बोटांवर पट्टी बसायची. साबेराने एकदाही पाहिलं नव्हतं. सगळ्या वर्गासमोर सर म्हणाले होते, या मुलीसारखं बसा, मान ताठ, नजर समोर. न पाहण्याचंच तेव्हा बक्षीस मिळालं होतं. आता त्याच गोष्टीची रात्रंदिवस धास्ती.

शनिवारी आनंदराज आला होता, नवी यंत्रणा बसवणाऱ्या कंपनीचा पोरगेला इंजिनिअर. मोठ्या उत्साहाने त्याने सांगितलं की आधी यंत्राला हुकूम लिहून द्यावे लागत, मग आकड्यांच्या याद्या आल्या, मग माऊस आणि चित्रं, आणि आता नुसतं बोट लावायचं. पुढच्या वर्षी तर तोंडाने बोललं तरी चालेल. "शिकायचं काहीच न्हाई मॅडम. नुसतं बघितलं की कळतं." जया हसली, साबेराही हसली. नुसतं बघितलं की! त्या गुळगुळीत काचेला ना उंचवटा, ना कड, ना कळ दाबल्याचा टक् आवाज. पुढे तो आणखी बरंच बोलत होता, पण ती मनातल्या मनात चित्रांच्या ओळी मोजत होती... वर चार, खाली चार... आणि त्याचं बोलणं तसंच वरून निघून गेलं.

"आपा, हे काय चिकटवलं?" सकाळी शेजारच्या खिडकीतून जयाने विचारलंच.

"काच घसरती. बोट बसंना."

इतकं सहज खोटं बोलता येतं हे पाहून तिला स्वतःचीच लाज वाटली. पण काम चाललं. नाव-गावासाठी जुना कीबोर्ड अजून जोडलेला होता, फक्त विभागासाठी काचेला हात लावायचा. आज सोमवार, मोतीबिंदूच्या तपासणीचा दिवस. चाकूरकडून, जळकोटकडून म्हाताऱ्याकोताऱ्यांची रीघ. तिसरा तुकडा, तिसरा तुकडा, पुन्हा तिसरा. चिठ्ठी छापून बाहेर येई, आणि साबेरा ती पुढे सरकवी. अकराच्या सुमाराला एक बाई आली. आवाज दमलेला, शब्दाशब्दाला थांबणारा. कस्तुराबाई, वय पासष्ट, जळकोट.

"काय होतंय मावशी?"

"छातीत दाटून यायलंय. सकाळधरनं."

पहिला तुकडा. चिठ्ठी. "मावशी, थांबू नका कुठं. हा कागद दाखवा, लगेच घेतील." हे आपण किती नीट बोललो, असंही तिला वाटून गेलं होतं. आता आठवलं की अंगावर काटा येतो.

कारण साडेबाराला चाकूरचा एक म्हातारा तणतणत खिडकीशी परत आला. "बाई, माझ्या डोळ्यात मोती हाय अन् तुमी मला हाडाच्या खोलीत पाठवलं! माझी हाडं लई दणकट हाईत, डॉक्टर बी हेच म्हणला." रांग हसली. त्याच्या मागे आणखी दोघं तसेच. आनंदराज धावत आला, साबेराच्या खांद्यावरून वाकून त्याने काच पाहिली आणि निवांतपणे म्हणाला, "बरोबर हाय की. ज्या विभागाला गर्दी जास्त, त्याचं चित्र आपोआप पहिल्या जागी येतं. शनिवारी सांगितलं होतं ना मॅडम? अकराच्या दरम्यान डोळे पुढं आले, हृदय दुसरं झालं, हाडं तिसरी."

म्हणजे तुकडे जागच्या जागी आणि त्यांच्याखालची चित्रं सरकलेली. पहिला तुकडा... अकरानंतर पहिल्या तुकड्यावर बोट कितीदा ठेवलं? एकदाच. तो दमलेला आवाज. बाकीचे भांडून परत आले, ती आली नाही. दीड तास!

ती उठली. खुर्ची मागे पडली ती तिने उचललीही नाही. डोळ्यांच्या विभागापर्यंतची पावलं पाठ होती, पण आज ती मोजता येईनात, कुणाच्या तरी पिशवीला पाय अडकला. बाकावर माणसांची ओळ, सगळ्यांनी डोळ्यांत औषध घालून ते मिटून घेतलेले. "कस्तुराबाई? जळकोटच्या कस्तुराबाई?"

"हाय जी... हितं हाय." अगदी कोपऱ्यातून. हात धरला तर घामाने गार. "थेंब घातले बाई. आता तर काहीच दिसंना. छातीचं इचारलं मी, तर त्या सिस्टरबाई म्हणल्या नंबर येऊ द्या."

साबेराच्या हाकेने सिस्टर धावत आली, नाडी धरली, आणि एकदम आवाज चढवून म्हणाली, "अहो, चुकीच्या ओळीत बसून राहिली ही! या लोकांना चिठ्ठी कळत न्हाई अन् इचारत बी न्हाईत." आणि चाकाची खुर्ची आणायला पळाली.

"माझंच चुकलं आसंल," कस्तुराबाई म्हणाली. "मला कुठं वाचता येतंय. कागदावर हितलंच आसंल म्हणून बसले."

साबेराने धरलेला हात सोडला नाही. सगळं कसं आयतं जुळून आलं होतं: न शिकलेली बाई, चुकीची ओळ, गर्दीचा सोमवार. चिठ्ठी कस्तुराबाईच्या मुठीत चुरगळलेली. ती काढून घेतली की झालं. उद्या पुन्हा आठला यायचं, नवे तुकडे, नवी युक्ती... बोल ना. का बोलत नाहीस? ती तुझ्या वाटणीची चूकसुद्धा अंगावर घेऊन बसली आहे, आणि तू तिचा हात धरून उभी आहेस. तिला त्या क्षणी स्वतःची किळस आली.

"न्हाई मावशी. माझं चुकलं. मीच चुकीचा कागद दिला." ती बाकाशी वाकली. "मला दिसत न्हाई. वर्ष झालं."

कस्तुराबाईने मिटलेले डोळे उघडले. त्यांतून औषधाचं पाणी वाहत होतं. बाकावरच्या दोघा-तिघांनी माना वळवल्या. खुर्ची घेऊन परत आलेली सिस्टर जागीच थांबली.

"आता गं बया," कस्तुराबाई धापा टाकत म्हणाली. "तुला बी न्हाई, मला बी न्हाई. मग खुर्ची कुणी ढकलावी?"

मागे जया येऊन उभी होती. तिने किती ऐकलं कोण जाणे. कडेला हिरवी ओढणी दिसत होती. डोळ्याच्या कडेने चेहरे शोधायची सवय लागलेली मान साबेराने आज वाकडी केली नाही. "जया, मी ढकलते," ती म्हणाली. "समोरचं तू सांग मला."

सिस्टरने कस्तुराबाईला खुर्चीत बसवलं. खुर्ची हृदयाच्या विभागाकडे हलली. "सरळ, आपा... आता माणसं हाईत, हळू... आता उंबरा." साबेराने पुढची चाकं उचलून उंबऱ्यापार घेतली. भीती गेली नव्हती; उद्या खिडकीवर कोण बसेल हे माहीत नव्हतं. पण उद्याचा विचार मनात टिकतच नव्हता. तिचा सगळा जीव कानात आला होता, आणि कान त्या पुढच्या अडखळत्या श्वासावर होते — एक आला... आता दुसरा यायला हवा... "उजवीकडं, आपा," जया म्हणाली, आणि दुसराही आला.