वासितीची रजा

सुवा शहराच्या खाडीकाठी मासळी डबाबंद करायच्या कारखान्यात वासिती मुकादम होती, आणि कोणती बाई का येत नाही हे तिला फोनवरच्या आवाजावरूनच कळे. तापाचा आवाज कोरडा असे, मयताच्या घरातला विचित्र शांत, आणि ज्यांना नुसतंच यायचं नसे त्यांचा उगाच गोड. तिने स्वतः मात्र कधी खाडा केला नव्हता.

त्या मंगळवारी तिचं अंग तापाने फणफणलं होतं. नवरा, अपेनिसा, घरात दिसत नव्हता; पहाटेच मळ्यावर गेला असावा. तिने कारखान्यात फोन लावला, तो तिच्या हाताखालच्या लितियाने उचलला.

"लितिया, आज मी येत नाही गं. ताप आहे."

"कोण गं तू?" लितिया खळखळून हसली. "आवाज अगदी हुबेहूब काढतेस! ताई इथे माझ्यासमोर हातमोजे चढवतायत."

वासिती तशीच उठून कारखान्यात गेली. काचेतून तिला आपल्या टेबलाशी आपलीच पाठ दिसली, पांढऱ्या टोपीखाली जरा वाकलेली, मासा सोलणारी. हाक मारायला तिची जीभ रेटेना. ती पाठ वळली तर काय, याचीच तिला धास्ती वाटली. भिंतीला टेकून ती पाळी सुटेपर्यंत बाहेर उभी राहिली. भोंगा झाला, बाया बडबडत बाहेर पडल्या, सर्वांत शेवटी लितिया आली.

"आत माझ्या जागेवर कोण होतं?"

"तुम्हीच की."

"मग ती बाहेर का नाही आली?"

लितियाचं हसू विरलं. "ताई, तुम्ही आमच्याबरोबर बाहेर कधी येता?"

वासिती कालची संध्याकाळ आठवू लागली. बस, चढणीचा रस्ता, घराचं दार, काहीच आठवेना; डोळ्यांसमोर येत होतं ते फक्त ओलं पोलादी टेबल.

ती जवळजवळ धावतच घरी पोहोचली. अपेनिसा नारळाच्या दुधात शिजवलेली अळकुडी एकाच ताटलीत वाढून घेत होता. तिला पाहताच त्याच्या हातातला डाव खाली पडला, आणि त्याचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

"रजा मिळाली तुला?"

टेबलाशी एकच खुर्ची होती. ती त्याने तिच्यासाठी घाईघाईने पुसली आणि शेजाऱ्यांकडून दुसरी मागून आणायला निघाला. दारातून मागे वळून त्याने भीत भीत विचारलं,

"मी येईपर्यंत तरी थांबशील ना?"