मायाक्काचे हाल

सोलापूरच्या भवानी पेठेत कुणाच्या घरी पाळणा हलला की गोजरबाई तिथं हजर. तिला कुणी नेमलेलं नव्हतं, कुणी बोलावत नव्हतं, आणि बऱ्याच सासवांना ती आलेली खपतही नव्हती. पण बाळंतिणीला पाजायला जमत नाही, मूल नुसतं रडतं असं कानावर आलं, की ही पदर खोचून उंबरठ्याच्या आत. कपभर चहा आणि पेठेतल्या चार भानगडी, एवढ्या भांडवलावर ती दिवसभर बसायची. "सल्ला द्यायला लई जनी येत्यात. बसायला कुनी येत न्हाय," असं ती ऐटीत सांगायची. बसण्यात ती पटाईत आहे हे तिचा नवरा धोंडीरामही कबूल करायचा, कारण तोवर घरची चूल थंड पडलेली असायची.

केराबाईच्या घरात शिरायला मात्र तिला निमित्त सापडत नव्हतं. केराबाई मूळची माळशिरसकडची. बहात्तरच्या दुष्काळात मेंढरं गेली आणि ती पोराला, सिदूला, घेऊन सोलापुरात आली. सिदू चादरीच्या कारखान्यात लागला. पुढं कुणा चुलत्यानं मैंदर्गीकडची सोयरीक जमवली आणि मायाक्का सून होऊन आली. पोरगी कामाला वाघ, पण बोली कानडी. मराठी म्हणाल तर भाकरी, पाणी आणि 'व्हय आत्या' एवढंच. तिला आई नव्हती, म्हणून पहिलं बाळंतपणही सासरीच झालं.

आणि बाळंतपण झालं तसा सासूसुनेचा अबोला सुरू झाला. त्याचं कारण केराबाईनं नळावर भर बायकांत जाहीर केलं.

"भाकरी तुपात भिजवून घालती, शेपू घालती, डिंक घालती. आन ही पोराला पाजंना, रडून रडून काय म्हनती? हाल! माजे हाल बरे न्हाईत म्हनती! आगं, हाल बगायचे हुते तर माज्या सासूच्या हाताखाली यायचं हुतं!"

नळावरच्या बायका हळहळल्या, म्हणजे मनातून खूश झाल्या. गोजरबाई तर उघडच खूश झाली. उपाशी मूल आणि सासूसुनेचं भांडण एकाच घरात, म्हणजे दुधात साखरच. घागर तशीच ठेवून ती केराबाईच्या मागोमाग निघाली.

घरात पाऊल टाकलं आणि तिचा सगळा उत्साह मावळला. पोराचा आवाज रडून रडून बसला होता. मांजराच्या पिलासारखं ते मधूनच कुईं करी आणि गप्प होई. मायाक्का भिंतीकडं तोंड करून पडली होती. सिदू डब्यातली पावडर आणायला चपला शोधत होता आणि केराबाईनं चुलीवर शेळीचं दूध चढवलं होतं.

"बोळ्यानं पाजती," केराबाई म्हणाली. "हिच्या अंगावर न्हाय काय, आन असलं तरी ही द्यायची न्हाय."

गोजरबाईला त्या क्षणी मायाक्काचा खरोखर राग आला. स्वतःचं दुखणं असेल, पण लेकरानं काय घोडं मारलंय? ती तरातरा बाजेपाशी गेली.

"काय गं ए, कसले हाल झाले तुजे?"

मायाक्का ताडकन उठून बसली. तिनं गोजरबाईचा हात धरला आणि स्वतःच्या छातीवर दाबला. "हाल! हाल बरवल्दु!" म्हणाली आणि हमसून रडायला लागली.

गोजरबाईला कानडी येत होतं ते फक्त शिव्यांपुरतं. पण ईरप्पा गवळी रोज सकाळी गल्लीतून 'हालूऽ' करत जायचा. तो म्हशीला 'हाल की, सरक की' म्हणतोय असंच ती इतकी वर्षं समजत होती. आता ध्यानात आलं, की म्हैस तर गोठ्यात असते आणि ईरप्पाच्या हातात असते ती दुधाची कॅन.

"आगं बया! केरे, हिच्या बोलीत हाल म्हंजी दूद! दूद येईना म्हनती ती! आन तू डिंक मोजत बसलीस!"

केराबाई चुलीपासून वळली. मग म्हणाली, "तर मराटीत सांगाया काय झालं हिला?"

"आन तुला कानडीत ऐकाया काय झालं?"

सिदू दारात घोटाळत होता. गोजरबाईनं त्याला हाकललं. "तू जा बाहीर. तुजं काम नऊ म्हैन्यामागं झालं."

"पावडर आणू का नको?"

"आन की. पर चालत जा, आन वाटेत पान खा."

मग तिनं पोराला मायाक्काच्या कुशीत दिलं. पोरगं नुसतं टोक चघळी, चिडे आणि सोडून देई. मायाक्का कळवळून अंग आखडून घेई. "तोंड मोटं उगडू दे त्याचं," गोजरबाई म्हणाली. "मोटा आ! सासू भांडताना करती तसा!" मायाक्काला शब्द कळले नाहीत, म्हणून गोजरबाईनं कमरेवर हात ठेवून केराबाईची हुबेहूब नक्कल केली. ती मात्र कळली. मायाक्का पदर तोंडात कोंबून हसली. केराबाई चुलीपाशी फणफणली.

तरी दूध येईना. गोजरबाईनं चहा मागितला, मिळाला नाही, तरी ती बसली. पाठ चोळली, गरम फडक्यानं शेकलं, पोराला पुन्हा लावलं. मध्ये धोंडीरामच्या पहिल्या रात्रीची फजिती हातवारे करून सांगितली, जी कुठल्याही भाषेत कळावी. पोरगं सुटलं, रडलं, मायाक्काही रडली. गोजरबाईची नजर शेळीच्या दुधाच्या पातेल्याकडं जाऊ लागली. तोंडानं ती बडबडत होती, पण मनात एकच होतं. हे पोरगं गेलं तर? तरी ती उठली नाही. पाठीवरचा हातही तिनं काढला नाही.

आणि मग पोरानं एकदाचा मोठा आ केला. जरा वेळानं मायाक्काच्या दुसऱ्या बाजूची चोळी आपोआप ओली व्हायला लागली. ती घाबरून बघायला लागली.

"भिऊ नगं, पान्हा हाय त्यो," गोजरबाई म्हणाली. "आला बग मुडदा!"

गुटूक, गुटूक असा आवाज यायला लागला. मायाक्काचे खांदे सैल पडले. गोजरबाईला इतका आनंद झाला, की तिनं ईरप्पाकडून शिकलेली सगळ्यात घाण कानडी शिवी प्रेमानं देऊन टाकली. मायाक्का खुदकन हसली.

केराबाई हातात कापसाचा बोळा घेऊन कधीची उभी होती. आता ही भांडणार, म्हणून गोजरबाईनं पदर सावरला. केराबाई भांडली नाही. तिचे डोळे पोराच्या हलणाऱ्या गालावर होते.

"सिदूच्या आदी दोन हुती मला," ती म्हणाली. "मेंढरांच्या तळावर झाली. मलाबी आसंच, येईना. बाया म्हनल्या, हिला पान्हाच न्हाय, शेरडाचं घाला. बोळ्यानं घातलं. दोनी बी गेली." तिनं नाक ओढलं. मग एकदम आवाज चढवून म्हणाली, "तवा तू कुटं मेली हुतीस गं, गोजरे?"

 गोजरबाई बाजेवर जराशी सरकली. केराबाई तिच्या शेजारी बसली.