पेट्रोल कोण पितं?

मी एक जुनं आउटबोर्ड इंजिन आहे. मासेमारीच्या बोटीला पाठीमागे अडकवलेलं, अर्धं हवेत आणि अर्धं पाण्यात. मित्रांनो, जुन्या वस्तूंनी आपली कहाणी जरा रडवेल्या सुरात सांगावी, अशी रीत आहे. मला ती जमणार नाही. माझ्यावर एक आळ आला होता. मी तो मान्य केला नाही आणि आजही करत नाही.

नवा होतो तेव्हा मालक माझं कौतुक करताना थकत नसे. दोरीच्या एका ओढीत मी सुरू होई. मालक सुकाणूच्या दांड्यावरची वेगाची मूठ शेवटपर्यंत पिळी आणि सगळ्यांच्या आधी धक्क्याला लागे. पहिल्या बोटीच्या मासळीला गिऱ्हाईक लवकर मिळतं हे खरं, पण त्याला त्या पहिलेपणाचीच चटक लागली होती.

वर्षं गेली. पेट्रोलची टाकी लवकर रिकामी होऊ लागली. मालक चारचौघांत म्हणू लागला, "हे आता पेट्रोल पितं." त्याच्या धाकट्या भावाने नवी बोट घेतली होती, माझ्या दुप्पट ताकदीच्या इंजिनाची. तो हसून म्हणाला, "दादा, हे भंगारात घाल."

मला इतका संताप आला! बोटीच्या तळाला शेवाळ आणि शिंपल्यांचा जाड थर चढला होता, तो कोणी पाहिला नाही. पाण्यातल्या माझ्या पंख्याचं एक पातं खडकावर आपटून वाकलं होतं, ते कोणी सरळ केलं नाही. बर्फाची पेटी आणि सगळं जड सामान माझ्याच बाजूला रचलेलं, त्यामुळे बोटीचं नाक कायम आभाळाकडे. एवढं सगळं मी रेटायचं, आणि वर खादाड म्हणवून घ्यायचं.

मालकाची थोरली मुलगी त्याच्याबरोबर समुद्रावर येई. भंगारवाल्याशी बोलणं झालंय हे कळल्यावर तिने महिनाअखेरपर्यंत थांबायची गळ घातली. मग टाकीतून माझ्याकडे येणाऱ्या नळीत तिने एक छोटा मीटर बसवला. किती पेट्रोल जातंय, ते त्याचा काटा दाखवी.

मालक भडकला. "माझ्या हातावर पहारा बसवतेस?"

"पहारा इंजिनावर आहे, बाबा," ती म्हणाली. "चोर कोण ते ठरू दे."

चोर इंजिनच ठरणार या खात्रीने त्याने मीटर राहू दिला. मूठ पूर्ण पिळल्यावर काटा टोकाला जाऊन भिडला. थोरलीने मूठ जराशी मागे घेतली. बोट किंचित मंदावली, पण काटा पार खाली उतरला. मालकाने तोंड फिरवलं आणि मीटर बिघडलाय म्हणाला.

पुढे तिने बोट वाळूवर ओढून घेतली. तळ घासून काही फरक पडत नाही, हे दाखवायला मालकाने तो स्वतःच रागारागाने खरवडला. मिस्तरीने माझा पंखा सरळ केला आणि जुना प्लग बदलला. थोरलीने बर्फाची पेटी पुढे सरकवली. फरक पडला, डोळ्यांत भरेल इतका. मालकाने मला ठेवून घेतलं, पण मूठ काही सैल सोडली नाही. भावाच्या मागून धक्क्याला लागायचं, हे त्याच्या घशाखाली उतरेना.

एके दिवशी दुपारी परतताना समोरून जोराचा वारा सुटला. लाटा तोंडावर येऊ लागल्या. भाऊ मूठ पिळून सुसाट पुढे निघून गेला. मालकही पिळणार, तेवढ्यात थोरलीने काट्याकडे बोट दाखवलं. तो चडफडला, पण त्याने वेग बेताचा ठेवला.

बंदराच्या अलीकडे भावाची बोट आडवी होऊन डोलताना दिसली. तिची टाकी कोरडी पडली होती आणि वारा तिला खडकांकडे ढकलत होता. भाऊ दोन्ही हात हलवत होता. आता त्याच्या तोंडावर हसू नव्हतं.

दोर बांधला. ओझं दुप्पट झालं. खडक बघून मालकाचा हात सवयीने पूर्ण पिळला गेला. मी गर्जलो, पंख्याने नुसता फेस काढला, काटा टोकाला गेला, आणि बोट जागची हलेना.

"बाबा, एवढं पिळलं तर टाकी बंदरापर्यंत पुरायची नाही," थोरली म्हणाली. "हळू घ्या, पंख्याला पाणी धरू दे."

मालकाने खडकांकडे पाहिलं, भावाकडे पाहिलं. मग दांडा तिच्या हातात दिला. "तू धर. माझा हात ऐकत नाही."

तिने मला इतकं हळू चालवलं की मलाच चीड आली. पण दोर ताठ झाला, आणि खडक इंचाइंचाने मागे पडू लागले. आम्ही धक्क्याला लागलो तेव्हा बाकी बोटींची मासळी विकून झाली होती. धक्क्यावर कोणी तरी मालकाला चिडवलं, आज शेवटचा नंबर का म्हणून. मालक शांतपणे म्हणाला, "हो. पण दोन बोटी आणल्या."

भाऊ माझ्याशी काही बोलला नाही. इंजिनाची माफी कोण मागतं? पण दुसऱ्या दिवशी तो खरवडणी घेऊन आपल्या बोटीखाली आडवा झालेला मी पाहिला.

मित्रांनो, जुन्या यंत्राला नावं ठेवणं फार सोपं असतं, कारण ते उलटून बोलत नाही. मी बोलतोय. तुमच्या घरी एखादं यंत्र कुरकुरत असेल, तर त्याला फेकायच्या आधी वाकून त्याच्या खाली बघा, त्याच्यावरचं नको ते ओझं उतरवा आणि आपला हात किती आवळलाय तेही तपासा. एवढं करूनही ते चाललं नाही, तर खुशाल फेका. मग मी तक्रार करणार नाही. त्याआधी मात्र करणारच.