सातव्या दिवसाची बरणी

व्लास्तानं व्हॅनमधल्या फळीवरून 'सातवा दिवस, गुलाश' अशी चिठ्ठी चिकटवलेली मांसाच्या रश्श्याची बरणी काढली आणि झाकण फिरवलं. ते नेहमीसारखं फट्कन न उघडता मुकाट सुटलं; आत हवा शिरली होती की काय. पण नवरा, ओल्दा, बाहेर घडीच्या खुर्चीत चमचा घेऊन बसलाही होता, म्हणून तिनं बरणी तशीच पातेल्यात उपडी केली.

प्रवासातला स्वयंपाक म्हणजे तिचं राज्य. चेक माणूस क्रोएशियाच्या समुद्रावर येतो तो अख्खं स्वयंपाकघर पाठीवर घेऊन, असं इथले लोक हसून म्हणत. व्लास्ताला त्याचा अभिमानच होता. पहिल्या दिवशी घरून तळून आणलेले मांसाचे काप, श्निट्झेल, मग घरीच मांस शिजवून भरलेल्या बरण्या, रोज एक. एकतीस उन्हाळे असेच गेले होते. दर उन्हाळ्यात ओल्दा धक्क्यावरच्या खानावळीकडे, तिथल्या भाजक्या माशाच्या वासाकडे तोंड करून म्हणायचा, एकदा तरी जाऊ. ती म्हणायची, आधी बरण्या संपू देत. बरण्या अर्थातच निघायच्या दिवशी संपायच्या.

ओल्दानं निम्मी ताटली फस्त केली आणि तिच्या हाताला तोड नाही म्हणाला. मग व्लास्तानं पहिला घास घेतला आणि लगेच रुमालात थुंकून टाकला. गुलाश पार आंबला होता. तिनं त्याच्या पुढ्यातली ताटली ओढून घेतली. तो पावाचा तुकडा कुस्करत बसला.

"कधीपासून?" तिनं विचारलं.

"मार्चपासून. घशाला ते किरण दिले ना, तेव्हा चव गेली. वासही. आता परत येईलसं वाटत नाही."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू बरण्या भरायला घेतल्या होत्यास. कशाला तुझा विरस करायचा?"

तिला राग आला, तो स्वतःचाच. या माणसाला तिनं एक दिवस उपाशी ठेवलं नव्हतं, आणि त्यानं मागितलेली एकच गोष्ट एकदाही दिली नव्हती. तिनं गुलाश कचऱ्यात ओतला, कमरेचा एप्रन सोडला.

"ऊठ. मासा खायला जाऊ."

"आता मला काय त्याचं, व्लास्ता?"

"ऊठ म्हणते ना."

खानावळीच्या मालकानं मासा दोघांच्या मधोमध ठेवला. वर फक्त मीठ, लसूण आणि ऑलिव्हचं तेल. ओल्दानं सावकाश काटे काढले आणि सगळ्यात मोठा तुकडा तिच्याकडे सरकवला. तू खा आणि मला सांग, म्हणाला.

तिनं घास तोंडात घातला. वरची कातडी कुरकुरीत, आतलं मांस जिभेवर विरघळणारं. असं काही तिनं जन्मात खाल्लं नव्हतं. ओल्दा पुढे झुकून तिच्या तोंडाकडे बघत होता.

"कसाय?"

व्लास्तानं घास गिळला.

"काही खास नाही," ती म्हणाली. "कोरडाच आहे. आपलं घरचं बरं."

"मग ठीक," ओल्दा खुर्चीला पाठ टेकत म्हणाला. "म्हणजे इतक्या वर्षांत आपलं काही हुकलं नाही."

"नाही," ती म्हणाली आणि तिनं ताटली बाजूला सारली.